खबर नाय

हेमंतचा फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. हेमंत म्हणजे जयवंतीचा धाकटा भाऊ. आदल्याच संध्याकाळी मी कळव्याच्या हॉस्पिटलात तिला बघून आले होते. ताप उतरला होता, नाकात नळी असूनही तिने मला खुणेने विचारलं होतं, कार्यालयाच्या नव्या वेबसाइटचं काय झालं? म्हणून फोनवर हेमंतचं नाव दिसल्यावर मला वाटलं, घरी सोडणार असतील, गाडीचं विचारत असेल. तो म्हणाला, "नीलिमाताई, ताई गेली." पुढे तो काही बोलला असेल तर मला आठवत नाही. मोहरी करपून काळी झाली तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, आधी भीती वाटली. मनात पहिलं वाक्य आलं ते असं, की आता डोंबिवलीच्या हवेकडे बघणार कोण? जिवाभावाची मैत्रीण जाते आणि हिला हवेचं पडलंय... कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. जयाला कळलं असतं. ती म्हणाली असती, अगं बरोबर आहे, घाबरलंच पाहिजे.

जयवंती नाखवा ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात विज्ञान अधिकारी होती. हवा, खाडीचं पाणी, पाऊस, आवाज असं सगळं मोजणारं कार्यालय. मी तिथे गेले ती कंत्राटावर, मराठी मजकूर लिहायला. झालं होतं असं, की इतक्या वर्षांत तिथल्या प्रत्येक विभागाने आपापली वेबसाइट काढून ठेवली होती. हवेची वेगळी, पाण्याची वेगळी, पावसाच्या तर दोन, आणि त्या दोघींचं एकमेकींशी पटत नसे. एका घरात प्रत्येक जावेने वेगळी चूल मांडावी तसला प्रकार. मग वरून आदेश आला, सगळ्यांची मिळून एकच साइट करा. हवेची चूल जयाची. दिसायला अगदीच गबाळी, पांढऱ्यावर काळे आकडे, ना चित्र ना रंग. पण ती साइट आमच्या घरात रोज उघडली जायची. माझा नवरा शशी दमेकरी. आम्ही डोंबिवलीत राहतो ते केमिकलच्या कारखान्यांपासून फार लांब नाही, वारा तिकडून आला की वाळत घातलेल्या कपड्यांनाही वास लागतो. शशी सकाळी आकडा बघायचा, बरा असला तर फिरायला जायचा, नसला तर खिडक्या लावून घरातल्या घरात येरझाऱ्या. जयाची आणि माझी ओळख व्हायच्या कितीतरी आधीपासून हा माणूस तिच्या आकड्यांवर चालत होता. पहिल्या भेटीत मी हे तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर बाई खूश व्हायच्याऐवजी पांढरी पडली. म्हणाली, "म्हणजे माझा आकडा बघून ते बूट घालतात?"

भित्री होतीच ती. लिफ्टला घाबरायची, पालीला घाबरायची, दिवाळीत कानात कापूस घालून बसायची. कार्यालयातून निघताना कपाटाचं कुलूप ओढून बघायची, जिन्यापर्यंत जायची आणि परत येऊन पुन्हा ओढून बघायची. आमचे साहेब तिला सगळ्यांसमोर भित्री भागूबाई म्हणायचे, आणि ही हसायची. मीही कमी नव्हते. मी म्हणायचे, "जया, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, माहितीये ना?" ती म्हणायची, "असू दे गं. निदान माझ्या पाठी कोण आहे ते मला माहीत असतं. तुमच्या पाठी कोण आहे ते तुम्ही कधी वळून बघता का?" तेव्हा मला हा विनोद वाटायचा.

नव्या साइटची चाचणी सुरू झाली तेव्हा सगळं कार्यालय हरखून गेलं होतं. काय ते नकाशे, काय ते रंग! हवा चांगली तिथे हिरवा, वाईट तिथे लाल, आणि रंगाखाली मी लिहिलेले शब्द, उत्तम, समाधानकारक, वाईट, धोकादायक. एके दुपारी मी नकाशा उघडला तर डोंबिवली हिरवीगार. आकडा शून्य, खाली माझा स्वतःचा शब्द, 'उत्तम'. मी तिला हाक मारली, "अगं जया, इकडे ये, आमच्या डोंबिवलीचं महाबळेश्वर झालंय बघ!" ती आली, वाकून बघितलं आणि माझ्या खुर्चीची पाठ धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "नीलू, तिथलं मशीन कालपासून बंद आहे. लाइट गेलीये." मला काही उलगडेना. मग तिने समजावलं. मशीन बंद पडलं की आकडा येतच नाही. तिच्या जुन्या साइटवर अशा वेळी त्या जागी एक आडवी रेघ यायची, बास. नव्या साइटला रिकामी जागा खपत नसे. रिकामं दिसलं की ती तिथे शून्य भरायची. आणि शून्य म्हणजे घाण अजिबात नाही, म्हणून हिरवा रंग, म्हणून उत्तम. म्हणजे मशीन मेलं की हवा जिवंत! मी हसायला तोंड उघडलं आणि एकदम शशी डोळ्यांपुढे आला. हिरवा रंग बघून बूट घालणारा, खिशातला दम्याचा पंप टेबलावर ठेवून जाणारा... त्या दिवसापासून मीही भित्री झाले.

डबा खाताना तिने मला तिच्या काकाची गोष्ट सांगितली. कोपरीचं कोळ्यांचं घर त्यांचं. ती शाळेत असताना वादळात दोन होड्या खाडीच्या तोंडाशी अडकल्या, एकीत तिचे वडील, दुसरीत काका. बायका सगळ्या बंदरावर येऊन उभ्या. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, दोन्ही होड्या पलीकडच्या किनाऱ्याला लागल्यात, काळजी करू नका. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पोरंबाळं रडत होती, म्हणून दिलाशापोटी बोलला बिचारा. पण त्या एका शब्दावर शोधायला निघालेल्या होड्या परत बांधल्या गेल्या. वडील आले. काका आला नाही. "तेव्हापासून आमच्या घरात नियम," जया म्हणाली. "आय सांगायची, खबर नाय म्हंजे खबर नाय. मनचा बोलायचा नाय. चांगला पण नाय, वंगाळ पण नाय." ती एरवी माझ्यासारखंच बोलायची, शिकल्या-सवरलेल्यांचं. आईचं वाक्य मात्र तिने आईच्या बोलीतच सांगितलं, आणि डबा तसाच झाकून ठेवला. मला म्हणाली, "ती आडवी रेघ म्हणजे आमची खबर नाय आहे गं. ती हे लोक पुसतायत."

साहेबांकडे आम्ही दोघी गेलो. साहेब माणूस वाईट नव्हे, पण उद्घाटन तोंडावर आलेलं आणि वरच्या मंडळींना सगळा नकाशा भरलेला बघायचा होता. ते म्हणाले, "अहो नाखवा बाई, जागा रिकामी दिसली तर लोक म्हणतील कार्यालय झोपलंय. रिकाम्या जागा दाखवायला साइट काढली का आपण?" जया पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "सर, मला भीती वाटते." साहेब हसले. "तुम्हाला कशाची वाटत नाही? आता कशाची?" ती म्हणाली, "कुणीतरी आपलं खरं मानेल, याची." साहेब हसायचे थांबले. पेपरवेट फिरवत म्हणाले, ठीक आहे, शून्य काढू, रंग करडा देऊ, पण शब्द जरा बरे घाला. 'माहिती अद्ययावत होत आहे' असं लिहा. बाहेर आल्यावर मी तिला टाळी द्यायला हात पुढे केला, पण हिचं तोंड एवढंसं. "नीलू, तू मराठीची. तूच सांग, बंद मशीनची माहिती अद्ययावत होतीये का? वाचणाऱ्याला वाटेल, आलीच आता, दोन मिनिटांत येईल. म्हणजे पुन्हा पलीकडच्या किनाऱ्याला लागल्यातच की होड्या!" आम्ही शब्द शोधत बसलो. 'उपलब्ध नाही' म्हटलं तर ती म्हणाली, हे तर दुकानात साखर संपल्यासारखं झालं. नीट शब्द सापडेपर्यंत बघू, असं ठरलं. पण त्याच आठवड्यात तिला ताप भरला, साधा वाटलेला ताप छातीत उतरला, आणि शब्द माझ्या एकटीच्या गळ्यात पडला.

हॉस्पिटलच्या बाकावर हेमंत आणि मी बसायचो. एकदा मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "होईल रे बरी, दोन दिवसांत घरी येईल." त्याने माझ्याकडे बघितलं. इतकं बघितलं की मी हात काढून घेतला. मग हळूच म्हणाला, "ताई, आमच्यात असं बोलत नाहीत." मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण काय करू, माझ्यासारखीला गप्प बसवत नाही. भीती वाटली की माझ्या तोंडून चांगलंच निघतं. बहुतेक सगळ्यांच्याच तोंडून तेच निघत असावं. त्या साइटच्या सुद्धा.

ती गेल्यावर मी कार्यालयात गेले ती थेट साहेबांसमोर. कंत्राट संपत आलेलं, पुढचं मिळणं त्यांच्याच हातात. मी लिहून नेलं होतं, 'यंत्र बंद आहे. इथली हवा कशी आहे, ते आम्हाला माहीत नाही.' साहेबांनी वाचलं. "हे फारच घरगुती वाटतं हो. सरकारी कार्यालयाने 'आम्हाला माहीत नाही' म्हणायचं?" मी म्हटलं, "हो सर." ते खिडकीजवळच्या जयाच्या टेबलाकडे बघत राहिले. तिचं चष्म्याचं घर अजून तिथेच होतं, कुणाला उचलवलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "भागूबाईने जाता जाता मलाही लावलं की हे भ्यायचं वेड." आणि ते शब्द तसेच्या तसे साइटवर गेले. उद्घाटन झालं, हार झाले, पेढे झाले. मी पेढा घेतला नाही.

सगळं संपलं असं मला वाटलं होतं. परवा हेमंतने फोन केला. म्हणाला, "ताई, तिच्या फोनवर डोंबिवलीच्या एका शाळेतून कोणी भोईरमामा फोन करतायत. शिपाई आहेत. मॅडम हल्ली फोन करत नाहीत, रागावल्यात का, असं विचारतायत. मी काय सांगू?" तेव्हा मला कळलं. आमच्या भागातलं ते मशीन त्या शाळेच्या गच्चीवर आहे. ते बंद पडलं की जया भोईरमामांना फोन लावायची. मामा, वर जाऊन बघता का, लाइट आहे का, वास येतोय का, डोळे चुरचुरतायत का? मामा जिने चढून जायचे, नाक वर करून उभे राहायचे आणि तिला सांगायचे. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सुद्धा नाही. माहीत नाही असं लिहिलं की तिचं काम संपत नसे, तिथून सुरू व्हायचं. आणि आम्ही दोघी इतके दिवस नुसत्या शब्दासाठी भांडत होतो, असं मी समजत होते. भोईरमामांना मीच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मंग आता वरती कोणासाठी जाऊ, बाई?"

मी म्हटलं, माझ्यासाठी जा.

आज सकाळी साइट उघडली तर डोंबिवली करडी. माझेच शब्द माझ्यासमोर, यंत्र बंद आहे, इथली हवा कशी आहे ते आम्हाला माहीत नाही. बाहेर काहीतरी गोडसर, सडकं असं नाकाला लागत होतं, की मला नुसता भास होत होता, कोण जाणे. शशी म्हणाला, "म्हणजे जाऊ की नको?" आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, हिरवं शून्यच असतं तर किती बरं झालं असतं... 'उत्तम' वाचून त्याला हसत पाठवलं असतं आणि चहा ठेवला असता. जया रोज सकाळी हे कसं पेलायची देव जाणे. मी भोईरमामांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. शशी एक बूट घालून दारात बसला होता, दुसरा हातात. मी त्याला हाताने म्हटलं, थांब.