सपाट जखम

पट्टीताईने दवाखान्यात सव्वीस वर्षं जखमा धुतल्या, आणि एवढ्या वर्षांत तिला एकाही जखमेने फसवलं नव्हतं. माणसांनी मात्र पुष्कळ फसवलं. त्यातही शिकलेल्या माणसांबद्दल तिचं मत मुळीच बरं नव्हतं, आणि सगळ्यात शिकलेला माणूस तिच्याच घरात होता: धाकटा भाऊ. बाबा त्याला कौतुकाने ‘सर’ म्हणत. पोटच्या पोराला सर! ऐकलं की ती नाक मुरडायची.

सर विद्यापीठात जखम भरण्याचं गणित करत. जखमेची जागा कॉम्प्युटरवर बारीक चौकोनांत विभागायची, प्रत्येक चौकोनात नव्या पेशी किती ते शेजारच्या चौकोनांवरून काढायचं, मग वेळ जरासा पुढे सरकवून पुन्हा तेच. वेळेचं पाऊल मोठं घेतलं की उत्तर बिथरायचं. एकदा एका चौकोनात चक्क उणे चाळीस पेशी आल्या, आणि ती भानगड निस्तरण्यात महाशयांचं अख्खं वर्ष गेलं. खरी जखम त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. रक्त दिसलं की त्यांना घेरी यायची.

मग बाबांच्या टाचेला जखम झाली. मधुमेह जुना, पायाला स्पर्श कळत नव्हता, चपलेतला खिळा दिवसभर रुतत राहिला. पट्टीताई रोज ड्रेसिंग करायची. सरांना आयतंच घबाड मिळालं. दर रविवारी तिने जखमेवर पारदर्शक कागद धरून तिची कड गिरवायची आणि फोटो त्यांना पाठवायचा, असं ठरलं. ती कडेला आणखी एक आकडा लिहायची: बोथट सळई आत किती जाते तो. पहिल्या रविवारी आठ मिलिमीटर, सहाव्या रविवारी एकवीस. वरचं तोंड आक्रसत होतं आणि आतून टाच पोखरली जात होती. तीन आठवडे ती दवाखान्यात चला म्हणून बाबांच्या मागे लागली होती. पण बाबांचं एकच पालुपद, सर काय म्हणतात ते बघू.

सर आले, लॅपटॉप काखोटीला मारून. पडद्यावर टाच नव्हतीच. एक लाल ठिपका होता, आणि तो लहान होत होत नाहीसा व्हायचा.

“बाबा, अजून फक्त एकोणीस दिवस. चौकोन निम्म्याने बारीक करून पाहिले, उत्तर हलत नाही.”

“मी खोलीचा आकडा लिहीत होते, तो कुठे घातलास?” पट्टीताईने विचारलं.

“ताई, मॉडेल सपाट आहे गं. खोली घेतली की चौकोनांचे ठोकळे होतात. एकेक उत्तर यायला आठवडा लागतो.”

“म्हणजे तुझ्या मशीनला झेपत नाही म्हणून बाबांची टाच सपाट?”

“तुला सगळीकडे पूच दिसतो,” बाबा तिच्यावर खेकसले. “वरून भरत आलीय ना? सर काय उगाच सांगतायत?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुढे वाद घालत बसली नाही. पट्टी सोडली, जखम धुतली, भावाच्या हातात रबरी हातमोजे आणि सळई ठेवली.

“घाल. तुझ्या ठिपक्यात.”

बाबा कौतुकाने बघत होते, त्यामुळे सरांना नको म्हणायची सोय नव्हती. सळई आत गेली, आणखी आत गेली, आणि तळाशी टक्कन हाडाला लागली. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. बाबांना पायात काहीच कळलं नाही, पण लेकाचं तोंड बघून ते घाबरले.

“गाडी बोलवा,” बाबा म्हणाले.

तीन आठवडे तिने घसा कोरडा केला होता, तो कोणासाठी?

टाचेचं थोडं हाड काढावं लागलं, पाय वाचला. दुसऱ्या दिवशी सर्जन खाटेपाशी आले.

“आणखी चार दिवस गेले असते तर पाय गुडघ्याखाली कापावा लागला असता. वेळेवर ओळखलं कोणी?”

“आमच्या सरांनी,” बाबा अभिमानाने म्हणाले. “गणितात फार हुशार आहेत.”

पट्टीताईने भावाकडे पाहिलं. तो आता तरी बोलेल असं तिला खरंच वाटलं होतं. सर सलाइनचे थेंब न्याहाळत उभे होते. तिला वाईट वाटलं, त्याहून जास्त किळस आली.

“मग डॉक्टर,” ती म्हणाली, “घरी गेल्यावरचं ड्रेसिंगही हेच करतील. दिवसातून दोनदा. यांना जरा नीट दाखवून द्या.”

आणि ती आपल्या ड्यूटीवर निघून गेली.