आईच्या पायाचा फर्मा

मुरबाडच्या एसटी स्टँडवर कल्याणची गाडी लागली तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागली होती. सोडायला आलेल्या सगळ्यांना वाटलं, पोर घर सुटतंय म्हणून रडतेय. बाबांनी तर पाठ फिरवून उगाचच वेळापत्रक वाचायला घेतलं. खरं कारण माझ्या पायात होतं. चेन्नईला जाणाऱ्या लेकीसाठी बाबांनी खास आणलेल्या काळ्या, चकचकीत, पुढे निमुळत्या होत गेलेल्या बेली, म्हणजे बायकांचे बंद बूट. घरापासून स्टँडपर्यंत येताना दोन्ही करंगळ्या सोलून निघाल्या होत्या. हे फक्त आईला कळलं. तिने खिडकीतून माझा हात दाबला आणि म्हणाली, "रडू नको गो. घालून घालून सैल पडतील."

कल्याणला चेन्नईकडची गाडी येईपर्यंत मी त्या बेली काढून पिशवीत टाकल्या आणि जुन्या स्लिपरा घातल्या. नव्या आयुष्याची सुरुवात अशी झाली.

बाबांची चूक नव्हती. सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावातून बाजाराला घरातलं एकच माणूस जायचं. सगळी वरात घेऊन जायला कुणाला सवड होती? मग चप्पल-बूट घ्यायचे असले की बाबा भाताच्या पेंढ्यातली काडी ओढायचे, आम्हाला ओट्यावर उभं करायचे, टाचेपासून अंगठ्यापर्यंत काडी धरून मोडायचे आणि खिशात टाकायचे. दुकानात काडी बुटाच्या आत सरकवली की झालं माप. वर एक बोट जागा जास्त, कारण पोरांचे पाय वाढते. एकदा माझी आणि दादाची काडी खिशात एक झाली आणि वर्षभर मी त्याचे बूट कापूस कोंबून घातले. आमच्या भागातून बाहेर पडलेल्या तुमच्यापैकी अनेकजण असेच काडीवर वाढलेत. आता वाशिंदला, पुण्याला, कुठे कुठे आहात आणि मॉलमध्ये बूट घालून आरशासमोर चालून बघता. पण खरं सांगा, अजूनही बूट चावला की आधी स्वतःच्याच पायाला नावं ठेवता की नाही?

काडीला लांबी कळते. रुंदी कळत नाही. आणि आमच्या घरातल्या बायकांचं सगळं दुखणं रुंदीत होतं. लहानपणापासून चिखलात उभं राहून आवणी करायची, म्हणजे भाताची रोपं लावायची, डोक्यावर भारे घेऊन बांधावरून चालायचं. बोटं मोकळी पसरलेली, अंगठा बाहेर झुकलेला. आईचा पाय लांबीला पाच नंबरचा, पण पाच नंबरात तिचा पंजा शिरायचा नाही. म्हणून ती आयुष्यभर पुरुषांची आठ नंबरची निळी रबरी चप्पल वापरायची. टाचेमागे दोन बोटं चप्पल मोकळीच.

मी आठवीत असताना मावशीच्या लग्नासाठी एकदाच आई स्वतः मुरबाडच्या दुकानात आली होती. दुकानदाराने चार जोड काढले, तिने चारही घालायचा प्रयत्न केला, कपाळाला घाम आला. मग तो हसत म्हणाला, "मावशी, तुमच्या पायाला जेन्ट्समधलंच दाखवू का?" बाकावर बसलेल्या बायका हसल्या. आईसुद्धा हसली. पण पुन्हा तिने त्या दुकानाची पायरी चढली नाही. मला तेव्हा तिचीच लाज वाटली होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

बारावीनंतर बूट बनवायचा कोर्स करते म्हटल्यावर गावात बरीच करमणूक झाली. "शेतकऱ्याची पोर जोडे शिवायला चालली," असं तोंडावर म्हणणारेही होते. बाबा थोडे वरमले, पण अडवलं नाही. चेन्नईत पहिले सहा महिने मी दर रविवारी फोनवर रडायचे. भाषा कळत नाही, सांबार गोड लागत नाही, खोलीत पाचजणी. आई ऐकून घ्यायची आणि शेवटी तेच म्हणायची, "घालून घालून सैल पडंल." शहरालाही तिने बुटाच्याच हिशेबात बसवलं होतं.

मग वर्कशॉपमध्ये तो दिवस आला. बूट ज्या साच्यावर ओढून बनवतात त्याला फर्मा म्हणतात. आमचे मास्तर सेल्वम, चाळीस वर्षं फर्मे तासलेला माणूस, आम्हाला माप घ्यायला शिकवत होते. माप बसून घ्यायचं नाही, उभं राहून, दोन्ही पायांवर भार टाकून. सकाळी नाही, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगतो. आणि लांबीनंतर टेप पंज्याभोवती गुंडाळून घेर घ्यायचा. उदाहरणासाठी त्यांनी मला बोलावलं. घेर बघितला, चार्ट बघितला, पुन्हा घेर बघितला. मी ओशाळून म्हटलं, "सर, मेरा पैर खराब है." त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "पैर ठीक है. फर्मा गलत है."

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. इतक्या वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे त्याच मास्तरांच्या ओळखीने एका कारखान्यात पॅटर्न कापायची नोकरी लागली. तिथे मी वर्षभर एकच तुणतुणं वाजवलं, बायकांसाठी रुंद फर्मा करा. ऑफिसातले म्हणायचे, रुंद बूट होडीसारखा दिसतो, कोण घेणार? मग रजा टाकून गावी आले, सोबत खाकी कागदाची गुंडाळी आणि पेन्सिली. आवणी संपली होती, बायका जरा मोकळ्या होत्या. ओट्यावर कागद पसरला आणि एकेकीचा पाय आखायला बसले. काय हशा पिकला म्हणून सांगू! शेजारची काकू म्हणाली, "पाय काय बघतेस गो, तोंड बघ, तोंड बरं हाय माझं." कुणी साडी ओढून पाय झाकला, कुणी आधी घासून धुऊन आली. दोन दिवसांत चाळीस पाय झाले.

एक पाय राहिला. आईचा. ती चुलीपाशी बसून ऐकू येत नसल्यासारखी भाकऱ्या थापत होती. "माजा नको," ती म्हणाली. "तिकडची लोकं हसतील." मला राग आला, तिचा नाही, त्या दुकानातल्या बाकाचा. मी तिला ओढतच ओट्यावर आणलं आणि माझा पाय तिच्या पायाशेजारी ठेवला. तोच पसरट पंजा, तोच बाहेर झुकलेला अंगठा. आईने वाकून दोन्ही अंगठ्यांवरून बोट फिरवलं.

"तुजाबी तसाच हाय," ती म्हणाली, आणि कागदावर पाय ठेवला.

ते कागद घेऊन मी परतले, ते थेट सेल्वम मास्तरांच्या वर्कशॉपमध्ये. मास्तरांनी जेवणाच्या सुट्टीत एका पाच नंबरच्या फर्म्यावर चामड्याचे पातळ तुकडे चिकटवले, पंज्याकडे जास्त, टाचेकडे अजिबात नाही, मग कानशीने घासून गुळगुळीत केला. पहिला जोड खरंच होडी झाला. दुसऱ्यात टाच निसटत होती. होडी दिसू नये म्हणून मी पुढचा भाग गोल ठेवला, वरची कड थोडी तिरकी कापली आणि पट्टा बाजूला नेला. तिरक्या रेषेने पाय निमुळता दिसतो, ही आमच्या धंद्यातली युक्ती. रंग आईला फोनवर विचारला. ऑफिसातले म्हणत होते, करायचाच तर तपकिरी, वयस्कर बायकांना तोच शोभतो. आई क्षणात म्हणाली, "जांभळा. आन् वर फूलबिल नको." बाईने इतकी वर्षं निळं रबर घातलं, पण आवड पक्की होती. पाचवा जोड जमला.

दिवाळीला घेऊन आले. संध्याकाळपर्यंत थांबवलं तिला, पाय फुगू दे म्हणून. तिने पाय आत सरकवला, पट्टा लावला आणि सवयीने चेहरा आधीच वाकडा केला. मग चेहरा हळूहळू सरळ झाला. "आतमधी बोटं हलतात," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. मी तिला बजावलं, भिजले तर चुलीजवळ वाळवायचे नाहीत, सोल उकलतो, आत कागदाचे बोळे भरून सावलीत ठेवायचे. तिचं लक्ष नव्हतं. ती अंगणातून रस्त्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, मुरबाडला जायचंय. कशाला ते सांगेना. जीपमधून उतरली आणि सरळ त्या दुकानात शिरली. बाकावर बसली, साडी चार बोटं वर घेतली आणि दुकानदाराला म्हणाली, "ह्या मापाचे दाखव." त्याने वाकून बघितलं, हात लावून बघितलं, मागे जाऊन चार डबे आणले, परत नेले. "मावशी, असे नाहीत आमच्याकडे. कुठून घेतले?"

"नाय ना? मंग मागव," आई म्हणाली. "माज्या पोरीनं केलेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खरोखर ऑफिसचा फोन नंबर मागितला. मी तिथेच उभी राहून ऑफिसला फोन लावला. त्या ऑफिसला चाळीस कागद पटले नव्हते, एका दुकानदाराची ऑर्डर पटली. फर्मा पास झाला. आज तो जोड सगळ्या नंबरांत मुरबाडला मिळतो, शहापूरला मिळतो, आणि चेन्नईत मासे विकणाऱ्या बायकांच्या पायातही मी तो बघितलाय. त्यांचेही पंजे आमच्यासारखेच निघाले.

दहा वर्षं झाली. मी आता तमिळमध्ये भांडते. सांबार अजून फारसं आवडत नाही. गावाची आठवण येते तेव्हा अचानक येते, आणि त्या दिवशी कामात लक्ष लागत नाही. पूर्वी घरून फोन आला की पहिला प्रश्न असायचा, "कधी येतेस?" त्या प्रश्नाने मी आठवडाभर अपराधी असायचे. घर म्हणजे मी जिथे नाही ती जागा, असंच वाटायचं.

परवा आईचा फोन आला. पाठीमागे बायकांचा गलबला, बहुतेक ती मुरबाडच्या त्या दुकानातूनच बोलत होती. मी घाईने म्हटलं, "आई, मी मे महिन्यात येते."

"ये तवा ये," ती म्हणाली. "आदी सहा नंबर पाठव. संपलेत."