इंग्रजीला पाणी फार

"इंग्रजीला पाणी फार," असं ताई म्हणायची. वीज कचेरीच्या तक्रार खोलीत ती फोनवर बसायची. जिन्यात तिची चप्पल वाजली की खोलीतलं कुणीतरी तिच्याआधीच हे वाक्य म्हणून टाकायचं.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडे जिन्नस पाहून शब्द निघतो. धान्याची रास, कपड्यांचा ढीग, फुलांचा खच, पाहुण्यांची रीघ, दुकानात झुंबड. टाळ्यांचा पाऊस आपणही पाडतो, पण हात आखडता ठेवून. इंग्रज मात्र काहीही जास्त झालं की त्यावर पाणीच ओततो. अर्ज आले, फ्लड. चोऱ्या वाढल्या, स्पेट. शिव्या सुटल्या, टॉरंट. तिन्ही पुराच्या लोंढ्याचेच शब्द. काम अंगावर आलं की स्वॉम्प्ड, म्हणजे माणूस दलदलीत रुतला. रेडिओ ऐकून आणि रद्दीतली वर्तमानपत्रं वाचून ताईने हे शब्द कमावले होते. ती ते दागिन्यांसारखे जपून वापरायची.

वायरमन तिला छेडायचा, "ताई, तुमच्या इंग्रजीत कोरडं काही आहे की नाही?"

"आहे की. साहेबांचं बोलणं."

मग कचेरीत उत्तर देणारं यंत्र आलं. सगळ्या लाइन गुंतल्या की ते आपणहून बोलणार होतं. इंजिनियर साहेबांना त्यात वजनदार इंग्रजी हवं होतं. ताई दुपारभर शब्द पारखत बसली. फ्लडेड शाळकरी वाटला. स्वॉम्प्डला चिखलाचा वास. डेल्यूज तर नकोच, त्यात सगळं जग बुडतं आणि इथे लोकांचे फ्यूज उडालेले. शेवटी तिने रुबाबदार शब्द काढला आणि घसा साफ करून यंत्रात बोलली, "वुई आर इनअनडेटेड विथ कॉल्स. प्लीज स्टे ऑन द लाइन." आम्ही फोनांनी बुडून गेलो आहोत, फोन ठेवू नका, असा त्याचा अर्थ. साहेब खूश झाले. त्या दिवशी ताई आरशासमोर जरा जास्तच थांबली म्हणतात.

ताईला एक धाकटी बहीण होती. आई गेली तेव्हा ती एवढीशी होती आणि ताईही काही मोठी नव्हती. अंधाराला धाकटी फार भ्यायची. ताई दुसऱ्या खोलीत चुलीपाशी बसून मोठ्याने काहीबाही बोलत राहायची आणि सांगायची, "माझा आवाज येतोय ना? मग भ्यायचं नाही. जागचं हलायचं नाही." पुढे धाकटीचं लग्न नदीकाठच्या घरात झालं. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण ताईच्या कचेरीचा नंबर तोंडपाठ होता.

यंत्र आल्यानंतरच्या पावसाळ्यात एके दिवशी नदी भरदिवसा धाकटीच्या घरात शिरली. नवरा परगावी होता. शेजारीण गच्चीच्या जिन्याकडे धावली आणि जाता जाता तिने हिला हाका मारल्या. धाकटी पोटरीभर पाण्यात, रिसीव्हर कानाला लावून उभी होती. ती म्हणाली, "ताई बोलतेय. थांब म्हणत असेल."

"अगं, वर ये आधी."

"तिचं होऊ दे की. येतेच."

मागची भिंत कोसळली आणि पाणी एकदम छातीवर आलं. शेजारीण हे सांगायला उरली, तेवढंच.

आणि ताई? ताई कचेरीतच होती, त्याच यंत्राच्या शेजारी. एक फोन ठेवून दुसरा उचलत होती. गल्लोगल्लीचे अंधार ऐकून घेत होती. मागे ताटकळलेल्या फोनांत एक आपल्या घरचा आहे, हे तिला कुणी सांगावं?

शेजारणीचं सगळं ऐकून घेतल्यावर ताई रडली नाही. बरेच दिवस कचेरीत आली नाही. आली ती थेट साहेबांच्या खोलीत गेली. यंत्रातून माझा आवाज काढा, म्हणाली. साहेब बिचारे चांगले होते. त्यांनी समजावलं, की दोष नदीचा, तुमच्या वाक्यात काही चूक नाही, इतकं शुद्ध इंग्रजी दुसरं कोण बोलणार?

"शब्द तिला कळलाच नसेल, साहेब," ताई म्हणाली. "आवाज ओळखीचा होता ना."

साहेबांनी यंत्राचं बटण दाबलं. ताईने पुन्हा घसा साफ केला आणि आपल्या साध्या बोलीत बोलली, "सगळे फोन गुंतले आहेत. थांबू नका. घरात पाणी येत असेल तर हा फोन टाका आणि आधी उंचावर जा." वीज कचेरीचा पाण्याशी काय संबंध, असं कुणीही विचारलं नाही. तिने ते एकदा लावून शेवटपर्यंत ऐकलं. खुर्चीवरची पिशवी घेतली, टेबलावरचा आपला पेला घेतला, आणि जिना उतरली. चप्पल वाजली, पण ते वाक्य कुणाच्या ओठांवर आलं नाही.

बाहेर वायरमन खांबावर चढून तार ओढत होता. एरवी वरूनच ओरडला असता. आज त्याने पकड तेवढी घट्ट धरली. भिंतींवर माणसाच्या उंचीची गढूळ रेघ होती, आणि त्या रेघेच्या कडेने ताई चालली होती, मान खाली, पिशवी छातीशी. खिडकीतून पाहणाऱ्यांना ती वळणापर्यंत दिसली. खांबावरच्याला त्याच्याही पुढे, बराच वेळ दिसत राहिली.