तेलाचा भाव आणि लेकीचं तिकीट

भोपाळच्या बरखेड्यात, कारखान्याच्या टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरच्या नळाला पाणी आलं नाही, की अख्खी लाइन बादल्या घेऊन टँकरमागे धावायची आणि माझा नवरा नळ उघडा ठेवून उभा राहायचा. "पाणी बंदची नोटीस कुठे लागलीय?" असं वर मलाच विचारायचा. नोटीस नाही, म्हणजे पाणी आहे. कारखान्याच्या बोर्डावर सही-शिक्क्यासकट जे चिकटतं तेवढंच जगात घडतं, ही त्याच्या तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीची कमाई. एका पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं. शेजारचं क्वार्टर रिकामं होतं, चावी चौकीदाराकडे होती, साहेब तोंडी 'जा' म्हणाले होते. पण अलॉटमेंटची ऑर्डर निघेपर्यंत आम्ही हललो नाही. ओट्यावर छत्री बांधून मी पोळ्या लाटल्या. तेव्हा मी हसले होते. नवीन लग्न झालेलं असताना माणूस कशालाही हसतो.

बोलताना मी त्याला अजूनही अहो-जाहोच करते. लिहिताना मात्र तो एकेरी राहू दे, एवढी मोकळीक मी घेतली आहे.

माझं माहेर तुलसी नगरचं. वडील नागपूरहून सरकारी ऑफिसबरोबर भोपाळला आलेले कारकून. नवरा पुण्याकडचा, डिप्लोमा करून थेट इथल्या कारखान्यात, टर्बाइन बनवणाऱ्या शॉपमध्ये लागलेला. आम्हाला एकच मुलगी. तिला डॉक्टर व्हायचं होतं, इथल्या परीक्षेत थोडक्यात राहिलं, आणि इथल्या खाजगी कॉलेजची फी ऐकूनच नवऱ्याने हात जोडले. मग एम. पी. नगरमधल्या एका एजंटने गुळगुळीत कागदाचं पुस्तक समोर ठेवलं. बर्फाळ देश, स्वस्त फी, मेसमध्ये हिंदुस्थानी जेवण. कर्ज काढून लेकीला तिकडे पाठवली. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तेव्हा ते सगळ्यांच्या तोंडी होतं, आज कुणाला फारसं पडलेलं नाही.

लेक तिसऱ्या वर्षाला गेली त्या सुमारास नवऱ्याला महागाई दिसली. मला ती रोजच दिसत होती, मोहरीच्या तेलाच्या डब्यात आणि सिलिंडरच्या पावतीवर. पण पुरुषाला महागाई व्याजदरातून दिसते. रिटायरमेंट दोन वर्षांवर आलेली, मग क्वार्टर सोडायचं, पेन्शन नावापुरती. पीएफचे पैसे बँकेत ठेवले तर महागाई ते उंदरासारखी कुरतडणार, असं तो रात्रंदिवस घोकायला लागला. त्यात खोटं काही नव्हतं. टाउनशिपमध्ये आमच्या आधी रिटायर झालेल्यांची दशा आम्ही बघतच होतो. ज्याने आयुष्यभर मोठमोठी यंत्रं उभी केली, तो बाजारात पाव किलो लसणासाठी घासाघीस करत असे.

त्याच्यासारखेच रिटायरमेंटला टेकलेले चौघे-पाचजण सकाळी मैदानाला फेऱ्या मारायचे आणि नंतर चहाच्या टपरीवर बसून जगाची वाटणी करायचे. मी त्यांना तेल मंडळ म्हणायचे. कारण सगळी चर्चा शेवटी तेलावर येऊन थांबायची. कुठल्या देशाने कुठल्या सीमेवर रणगाडे आणले, कुठली पाइपलाइन बंद पडेल, मग कच्चं तेल किती चढेल, मग आपल्याकडच्या तेल, गॅस, कोळशाच्या कुठल्या कंपन्या वर जातील. परदेशांच्या अध्यक्षांबद्दल ते असं बोलायचे, जणू वॉर्डातले नगरसेवक आहेत. सगळं ज्ञान मोबाईलवरच्या व्हिडिओंतलं. मंडळाचे मुख्य म्हणजे शेजारच्या लाइनीतले एक गृहस्थ, कारखान्याच्या स्टोअर्समधले, मूळचे सागर जिल्ह्याचे. ते नवऱ्याला भाईसाहब म्हणत आणि मला भाभीजी.

थंडीत एका संध्याकाळी नवरा एम. पी. नगरमधून हसऱ्या चेहऱ्याने आला. पीएफमधून काढता येत होतं तेवढं काढून त्याने तेलाचे आणि गॅसचे शेअर घेतले होते. मी विचारलं, "कुणी सांगितलं?" तर म्हणाला, "कुणी सांगावं लागत नाही. युद्ध होणार हे शेंबड्या पोराला कळतंय." मी म्हटलं, "पण तशी नोटीस?" मी चेष्टाच करत होते. त्याने मात्र गंभीरपणे समजावलं, "अगं, बाजार नोटिशीच्या आधी चालतो. नोटीस निघेपर्यंत भाव निघून गेलेला असतो."

युद्ध होणार होतं ते आमच्या लेकीच्याच देशात. हे वाक्य लिहिताना मलाच वाटतं की आपण काहीतरी रचून सांगतोय. पण आमच्या घरात ते तेव्हा असं सरळ एका वाक्यात कुणी म्हटलंच नव्हतं. एक देश बातम्यांतला होता आणि एक लेकीच्या हॉस्टेलचा. दोन्हींची नावं सारखी होती एवढंच.

मग एका रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती बाबांशीच बोलायला लागली. "बाबा, आमच्या बॅचमधले काही लोक निघालेत. मी पण येऊ का? तिकीट महाग आहे पण मिळतंय."

"युनिव्हर्सिटीने लिहून दिलंय का, की क्लास ऑनलाइन होतील?"

"नाही. ते म्हणतात, सब नॉर्मल है, अटेंडन्स कापणार."

"दूतावासाचं काही पत्र?"

"अजून नाही."

"मग झालं तर. लेखी आल्याशिवाय जागा सोडायची नाही बेटा. वर्ष जाईल, आणि मग भांडायला हातात कागदसुद्धा नसेल."

ती बरं म्हणाली. फोन ठेवून अर्धा तासही झाला नसेल, तर त्याच फोनवर सागरचे गृहस्थ. स्पीकर चालूच राहिला होता. "भाईसाहब, लिख के ले लो, लड़ाई होकर रहेगी." आणि माझा नवरा, आरामखुर्चीत पाय हलवत, "अरे, मैं तो कब से कह रहा हूँ. पक्की बात है."

माझ्या हातात मेथीची जुडी होती. ती मी तशीच टेबलावर टाकली. "अहो, आत्ता यांना काय सांगितलंत? आणि लेकीला काय सांगितलंत?"

"ते मार्केटचं बोलणं आहे. दोन्हींची खिचडी करू नकोस."

"खिचडी मी करतेय? पीएफचा पैसा घालण्याइतकी तुमची खात्री आहे, मग पोरीला बोलवा!"

"आणि काही झालंच नाही तर? तिचं वर्ष कोण भरून देणार? तू?"

मी बारा वर्षांची होते तेव्हा या शहरात रात्री गॅस सुटला. तेव्हा कुठल्या भिंतीवर कुणी नोटीस लावली होती? जे वेळेवर उठून पळाले त्यातले पुष्कळ वाचले, आणि आम्ही दूर राहत होतो म्हणून वाचलो. हे मी त्याला ओरडून सांगितलं. भोपाळमध्ये राहून नोटिशीची वाट बघणारा माणूस माझ्याच वाट्याला यावा, हेही सांगितलं. तो टीव्हीचा आवाज वाढवून बसला.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला परस्पर फोन केला. म्हटलं, निघ, तिकिटाचं मी बघते, माझ्या पाटल्या कधी कामाला यायच्या? ती हसली. "आई, तू टेन्शन नको घेऊ ना. बाबा थांब म्हणालेत. ते रोज तेच तर बघत बसतात, इतकं डीपली. काही होणार असतं तर त्यांना आधी कळलं नसतं का?"

या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर होतं. त्यांना कळलंय बाई, म्हणूनच शेअर घेतलेत. पण बापाबद्दल पोरीला हे फोनवर कसं सांगतात, ते मला सुचलं नाही. मी एवढंच म्हटलं, की मला भीती वाटतेय. ती म्हणाली, तुला तर लिफ्टचीही भीती वाटते.

मग दूतावासाची सूचना आली. ज्यांचं राहणं अगदी गरजेचं नाही त्यांनी परतण्याचा विचार करावा, अशी काहीतरी गुळमुळीत भाषा. नवऱ्याने ती दोनदा वाचली आणि तडक तिकीट काढायला बसला. त्या क्षणी त्याच्याइतका घाईत दुसरा माणूस नसेल. पण तोवर सगळ्यांच्याच हातात ती सूचना पडली होती. मिळालं ते तिकीट आठवड्यानंतरचं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तशातली गत. तिची बॅग भरून तयार होती आणि विमानाच्या दोन दिवस आधी पहाटे बॉम्ब पडायला लागले. विमानतळ बंद झाला.

पुढचे दिवस आम्ही कसे काढले ते मी सविस्तर सांगणार नाही. पोरगी हॉस्टेलच्या तळघरात होती, चार्जिंग वाचवायला दिवसातून एकदा मिनिटभर बोलायची. पाणी संपत आलंय म्हणाली, मग दुसऱ्या दिवशी त्याबद्दल काहीच बोलली नाही. नवरा जेवत नव्हता. देवापुढे कधी न बसणारा माणूस आंघोळ करून गणपतीपुढे बसायचा. मला त्याची दयासुद्धा येत होती. आणि अशात एका दुपारी त्याचा फोन वाजला, तो उठून मागच्या अंगणात गेला, आणि पेरूच्या झाडाखालून येणारा त्याचा दबका आवाज मी ऐकला. "हाँ, देखा मैंने. बहुत ऊपर गया. अभी बेचूँ, कि रुकूँ?"

मला नवऱ्याचा तिरस्कार वाटला. राग मला पुष्कळदा आलेला आहे, संसारात तो येतोच; हे वेगळं होतं. युद्ध लवकर थांबलं तर लेक सुटणार होती आणि भाव उतरणार होता. तो मनातून नक्की कशासाठी हात जोडतोय, अशी शंका मला आली. लग्नाच्या माणसाबद्दल अशी शंका आली, की नंतर ती कितीही खोटी ठरली तरी भिंतीतली ओल राहते तशी राहते.

लेक आली. मैलोन् मैल चालत, थंडीत, दुसऱ्या देशाच्या हद्दीवर रांगेत उभी राहून, सरकारने पाठवलेल्या विमानाने दिल्लीला आणि तिथून रेल्वेने. टाउनशिपने स्टेशनवर हार घातले, फोटो काढले. घरी येऊन तिने बूट काढले तेव्हा पायांची कातडी मोज्यांबरोबर निघत होती. मी घमेल्यात कोमट पाणी आणि मीठ घालून तिचे पाय त्यात ठेवले.

तेवढ्यात सागरचे गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन आले. मनाने वाईट माणूस नाही तो. आमच्या आजारपणात स्कूटर घेऊन पहिला धावून येणारा. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे पुसले, आणि मग भरल्या मनाने म्हणाले, "भाभीजी, भाईसाहब की नज़र माननी पड़ेगी. महीना भर पहले इन्होंने कह दिया था कि लड़ाई पक्की है. इनके कहने पर हमने भी ले लिया था. सबका भला हो गया."

ते गेल्यावर मी दार लावून घेतलं. लेकीने घमेल्यातून पाय काढलेले नव्हते.

"बाबा, तुम्हाला पक्कं माहीत होतं?"

"पक्कं कसं असेल? अंदाज होता."

"पैसे लावण्याइतका अंदाज?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या मदतीला गेले नाही.

"मग मला का थांबवलंत?"

"लेखी काही आलं नव्हतं बेटा," तो म्हणाला. सगळ्यात वाईट हे, की तो खरं बोलत होता.

तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने टॉवेल मागितला, पाय कोरडे केले आणि आत जाऊन झोपली. त्यानंतर ती बाबांशी नीट बोलायची, चहा द्यायची, त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची चौकशी करायची. फक्त सल्ला विचारणं बंद झालं. पूर्वी साधी चप्पल घ्यायची तरी फोटो पाठवून बाबांना विचारणारी पोर.

इकडच्या कॉलेजांत त्या मुलांना कुणी घेईना. निवेदनं झाली, धरणी झाली, काही निघालं नाही. जुनी युनिव्हर्सिटी मोबाईलवर शिकवत होती. प्रेत न फाडता आणि पेशंट न तपासता डॉक्टर कसं व्हायचं? शेवटी दुसऱ्या एका देशात बदली मिळत होती, पण नव्याने पैसे भरून. पहिलं कर्ज डोक्यावर तसंच होतं. बँकेने नकारार्थी मान हलवली. माझ्या पाटल्या विकल्या तरी निम्मंसुद्धा होत नव्हतं.

तेव्हा नवऱ्याने सगळे शेअर विकले. भाव अजून चढतोय म्हणून मंडळ त्याला नको नको म्हणत होतं, तरी विकले. त्या रात्री जेवणं झाल्यावर मोबाईल घेऊन तो लेकीसमोर बसला. "तुझ्या खात्यात टाकतो. नंबर सांग."

ती नाही म्हणेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तिने नाही म्हणावं, तो पैसा त्याच्या तोंडावर फेकावा, अशी माझी इच्छा होती. मला जे जमलं नाही ते तिने करावं, अशी. पण तिने शांतपणे नंबर सांगितला, तो बरोबर लिहिला का ते वाकून पाहिलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी थोडं हसू आलं. म्हणाला, "बापाने दिले म्हणून संकोच नको हं बेटा."

"तुम्ही नाही दिले, बाबा," ती म्हणाली. "हे मीच कमावलेत. तळघरात बसून."