खुबा, घोटा आणि मॅडम

आमच्या मॅडम हाडांच्या डॉक्टर. त्यांच्या लक्षात चेहरे राहत नसत, चाल राहायची. उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारात समोरून कोणी नमस्कार केला तर त्या नुसत्या हसत. तोच माणूस पाठ फिरवून चालू लागला की ओरडत, "अरे, हा तर आपला डावा खुबा! कसा आहेस रे?" माणूसही खुशीत वळायचा. रिक्षावाले त्यांना 'हड्डी मॅडम' म्हणत. घरात सिंधी बोलत, पण मराठी आमच्याइतकीच पक्की. फक्त राग आला की हिंदी सुरू.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. झाले आणि मॅडमच्या रिसर्चमध्ये नोकरी लागली, तेव्हा बाबांनी अंबरनाथ पूर्वेतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं, "पोरगी संशोधन करते." खरं तर माझं काम फोन करायचं. खुब्याचं किंवा घोट्याचं ऑपरेशन झालेले पेशंट आता कसे चालतात, ते विचारायचं.

"खुब्याची माणसं उठत नाहीत आणि घोट्याची बसत नाहीत," मॅडम नेहमी म्हणायच्या. घोट्याचे बहुतेक जीन्सच्या कारखान्यातले कारागीर. प्लास्टर नीट वाळायच्या आत मशीनवर हजर. एकाला मॅडमनी झापलं तर म्हणाला, "मॅडम, पायडल चांगल्या पायानेच मारतो."

"अच्छा? मग उद्या तो पण मोडून आण माझ्याकडे!"

काही पेशंट तपासणीला फिरकतच नसत. त्यांना गाळलं तर निकाल छान दिसेल, असं एका ज्युनियर डॉक्टरने सुचवलं. झालं, हिंदी सुरू. "जो आया ही नहीं, वही तो बताएगा! ढूंढो उसको!"

अशा न आलेल्यांत बदलापूरला मांजर्लीच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. त्यांचा मुलगा मला फोनवर म्हणाला, "आई एकदम मजेत. आम्ही तिला खाली पाय ठेवू देत नाही." मला वाटलं, काय सेवा करतात! मॅडमनी कपाळाला हात लावला. "हाड एव्हाना जुळलं असेल, पण अशाच पडून राहिल्या तर परत कधी उठायच्या नाहीत," म्हणाल्या आणि पर्स उचलली.

आजी खाटेवर, केसांना तेल लावून, वेणी घालून. कोपऱ्यातल्या वॉकरवर नातवाचे कपडे वाळत होते. सून म्हणाली, "मॅडम, यांना उठवलं तर लोक काय म्हणतील? हाड मोडलं तरी सासूला राबवते!" मॅडमनी वाद घातला नाही. सून चहाला वळली तशा म्हणाल्या, "तू नको. मी आजींच्याच हातचा पिणार. नाहीतर निघते."

आता पंचाईत. दारी आलेलं माणूस बिनचहाचं कसं पाठवणार? मुलगा सुनेकडे बघतोय, सून आजींकडे. शेवटी आजीच म्हणाल्या, "उचला गो ते कपडे." एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला मी. आजींनी वॉकर धरला आणि एकेक पाऊल टाकत निघाल्या. ओट्याशी पोचल्या, धाप लागली, आणि पहिलं वाक्य: "साखर कुठं ठेवलीस? मी पडले काय, माझा ओटाच फिरवलास!" सून हसता हसता रडायला लागली. चहा पाकासारखा झाला होता. मॅडमनी बशीसकट संपवला.

त्या घरासारखी आणखी घरं निघाली. एक्स-रे काढला तर हाड झकास, आणि माणूस मायेने खाटेला जखडलेला. मॅडमनी ते रिसर्च पेपरात लिहिलं आणि खाली माझंही नाव घातलं. बाबांनी ते पान लॅमिनेट करून टीव्हीच्या वर लावलंय. इंग्रजी त्यांना येत नाही, पण आडनाव बरोबर दाखवतात.

पुढे मॅडमचाच घोटा मोडला, दवाखान्याच्या पायरीवर. प्लास्टर घालून दुसऱ्याच दिवशी पेशंट तपासायला हजर! शेवटी लेक आली त्यांना पुण्याला कायमचं न्यायला. निघायच्या दिवशी आजी सुनेला घेऊन बदलापूरहून मॅडमच्या घरी आल्या, हातात नुसती काठी. मॅडम चहासाठी उठायला लागल्या तशी आजींनी काठी उगारली. "बस गो बाय! आज पण मीच करणार."

मॅडम बसल्या. आजी स्वयंपाकघराकडे निघाल्या. मॅडम त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "उजवा खुबा. क्या चाल है!"