मामांनी केलेला बायबलाचा मुकाबला

दुसऱ्याच्या लिहिण्यावर विश्वास न ठेवण्यात माझ्या मामांचा हात धरणारा माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात झाला नाही, आणि पुढे मुलूख निजामाचा राहिला नाही तरी मामा तसेच राहिले. हे मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. जालन्याच्या अदालतीत त्यांनी तीस वर्षं नकलनवीस म्हणून काढली. फैसल्याची नक्कल हातानं लिहायची, मग एकानं असल कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहायचं. याला कचेरीत मुकाबला म्हणत. मुकाबला जुळला की खाली शेरा मारायचा, ‘नक्कल मुताबिक असल’, म्हणजे ही नक्कल मुळाबरहुकूम आहे. असल कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मामांनी हा शेरा कधी मारला नाही. कचेरीची भाषा बदलली, मामा निवृत्त होऊन जालन्यातच मस्तगडच्या घरी बसले, पण त्यांचं बोट काही नकलेवरून उठलं नाही.

घरात त्यांना नकला कुठे मिळणार? पण त्यांना त्या दिसायच्या. मामींच्या बहिणीनं वाटूरहून ज्वारीच्या पापडांची कृती पत्रानं कळवली, तर मामींनी उतरवून घेतलेल्या कागदाचा त्यांनी आधी मुकाबला केला, आणि मूळ पत्रात ‘मीठ अंदाजाने’ असं होतं म्हणून वाटूरला उलट टपाली कार्ड टाकलं, ‘अंदाज कोणाचा, याचा खुलासा व्हावा’. खुलासा येईपर्यंत पीठ तसंच पडून राहिलं. एका लग्नात भटजींनी तिसऱ्या मंगलाष्टकातली एक ओळ गाळली. मामांनी अक्षता खाली ठेवल्या, हात वर केला आणि म्हणाले, “ठैरा. एक ओळ कमी हाय.” मुहूर्त टळत होता, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले होते, मुलीचा बाप पाया पडायचा बाकी राहिला होता. भटजींनी ती ओळ म्हटली तेव्हाच मामांनी अक्षता उचलल्या. घरात मामींना तर एखादी हकीकत दुसऱ्यांदा सांगायची सोय उरली नव्हती. “काल तू म्हणलीस म्हैस सकाळी सुटली. आज म्हणून राह्यली उजाडताना. कोणता बयान बराबर?” असं ते विचारत. मामी म्हणत, “म्हशीलाच विचारा.”

अशा या माणसाकडे चोपन्न-पंचावन्नच्या सुमारास एका रविवारी मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाई आल्या. उभ्या जालन्याला त्या ठाऊक होत्या. निवृत्त होऊनही पांढरं लुगडं सोडलं नव्हतं, पाय सुजलेले, दोन पावलांवर दम लागायचा. काखेत दोन जाड इंग्रजी पुस्तकं होती. एक जुनं बायबल, त्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या मडमेनं विलायतेला परतताना दिलेलं, पानं पिवळी पडलेली. दुसरं नवं, नव्या पाद्रीसाहेबांकडून मागून आणलेलं. पाद्रीसाहेब बिचारे भले गृहस्थ. त्यांनी प्रवचनात सहज सांगितलं होतं की जुनं इंग्रजी भाषांतर साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, त्यानंतर मुळाच्या आणखी जुन्या प्रती सापडल्या आणि त्यांवरून पाहता जुन्यात काही मजकूर मागाहून शिरलेला दिसतो.

“नकलनवीससाहेब,” सिस्टरबाई दम खात म्हणाल्या, “योहानाच्या शुभवर्तमानात एक गोष्ट हाय. लोक एका बदनाम बाईला दगडं मारायाला धरून आणतात. येशू म्हणतो, ज्यानं पाप केलं न्हाई त्यानं पैला दगड मारावा. मंग एकेक जण निघून जातो. जुन्यात ती बराबर मधात हाय, अन् नव्यात पानाच्या तळाला बारीक अक्षरात टाकली. ती खरी का कुणी घुसडली, येवढं मला सांगा.”

मामांनी चष्मा पुसला. तीस वर्षांत एवढं मोठं काम त्यांच्याकडे आलं नव्हतं. “असल कुठंय?” त्यांनी पहिला प्रश्न केला. सिस्टरबाईंनी सांगितलं की असल ग्रीक आणि हिब्रूत होतं, पण ते आता कुठेच नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. मामा जागेवरून अर्धे उठले. “म्हंजे दीड-दोन हजार वर्षांचा कारभार बिनअसलाचा चालून राह्यला?” मग खाली बसून त्यांनी लाल पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाले, “मुकाबला करावा लागंल. पैल्या पानापासून.” सिस्टरबाई म्हणाल्या, मला तेवढी एकच गोष्ट पाहिजे. मामा म्हणाले, “पानं उडवून मुकाबला होत न्हाई, बाई. बिलकुल न्हाई.”

मी तेव्हा पोस्टात नुकताच चिकटलो होतो आणि माझं इंग्रजी मामांपेक्षा बरं होतं, म्हणून दर रविवारी ओसरीवर बसून जुनं बायबल खड्या आवाजात वाचण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मामा सोवळं नेसून, नव्यावर बोट ठेवून बसत. तिसऱ्या रविवारी गल्लीत बातमी फुटली की पोस्टातला पोरगा बाटला आणि मामाला घेऊन बाटला. आई धावत आली. पाहते तो मामा कपाळाला गंध लावून, हातात पेन्सिल घेऊन, अब्राहामाच्या वयाबद्दल माझ्याशी हुज्जत घालत होते. आईचा जीव भांड्यात पडला. “बाटला न्हाई गं,” मामी आतून म्हणाल्या, “तुझा भाऊ कोणत्याच धर्मात मावायचा न्हाई.”

खरं सांगायचं तर मामांचा त्या पुस्तकात जीव रमला होता. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, असली पानंच्या पानं ऐकताना मला जांभया येत, पण मामा मान डोलवत. “वारसा कसा बराबर लावलाय बघ. आमच्या दप्तरात येवढा साफ न्हवता.” जुन्या भाषांतरकारांवर तर ते बेहद्द खूश होते. कारण त्या लोकांनी वाक्य पुरं करायला पदरचा शब्द घातला की तो तिरप्या अक्षरांत छापलेला असे. मामांनी पहिला तिरपा शब्द पाहिला तेव्हा पुस्तकाला हात जोडले. “हे इमानदार लोक. सोत्ताचं घातलं तर निशाणी ठेवून राह्यले. आमच्यात एकानं बी कधी ठेवली न्हाई.” अधूनमधून मामा वर्मावर बोटही ठेवत. कुठून कळलं कोण जाणे, पण त्यांना कळलं की येशूची वंशावळ दोघांनी लिहिली आहे आणि दोघांत आजोबाचं नाव वेगळं आहे. पुढचे दोन रविवार ते दुसरं काही बोलले नाहीत. “दोन अर्जांत दोन आजे! आमच्याकडं वारस नामंजूर झाला असता.” यात लबाडी भाषांतरवाल्यांची नाही, मुळातच तसं आहे, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. मग त्यांनी इंग्रजांना माफ केलं.

सिस्टरबाई दर रविवारी चर्चमधून परस्पर ओसरीवर येत आणि विचारत, “योहानापर्यंत आलात का?” आम्ही कधी मोशेबरोबर वाळवंटात असू, कधी वासरू कसं कापावं या कलमात. या चालीनं योहानाला पोचायला आठ-नऊ वर्षं लागली असती, आणि सिस्टरबाईंकडे पाहिल्यावर तेवढी वर्षं त्यांच्यापाशी नाहीत हे कुणीही सांगितलं असतं. माझा संताप व्हायचा. मी एकदा मामांना तसं म्हटलंही. मामा म्हणाले, “जल्दी केली की चूक व्हती,” आणि पान उलटलं.

उन्हाळा लागता लागता एका रविवारी सिस्टरबाई पायरी चढतानाच खाली बसल्या. मामींनी पाणी दिलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “साहेब, डॉक्टरनं मला दिवस थोडेच सांगितलेत. आता सांगते. मी धावडा गावाकडची. सतरा वर्षांची व्हते, नवरा वारल्यावर पोटुशी राह्यले. गावानं ढेकळं मारून शिवेबाहेर काढलं, माझा सख्खा भाऊ मारणाऱ्यात व्हता. चालत चालत जालन्याला आल्ते. मूल जगलं न्हाई. त्या मडमेनं मला खाटंवर बसवून हीच गोष्ट वाचून दाखिवली. ती ऐकून मी उठले. चाळीस वर्षं लोकांचं केलं ते तिच्या जोरावर. आता ती कुणी मागून घुसडली असंल, तं मंग मला माफ कुणी केलं?”

मामी पदरानं डोळे पुसत होत्या. मामांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा शेकडो पानं एकदम उलटली.

दोन्ही पुस्तकांतली ती गोष्ट त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली, तळाची बारीक टीपही घेतली. टिपेत म्हटलं होतं की पुष्कळ जुन्या नकलांत ही गोष्ट नाही आणि काहींत ती दुसऱ्याच ठिकाणी आहे. “दुसऱ्याच ठिकाणी?” मामा ताठ बसले. “मंग हे सुटं पान हाय, बाई. मिसलीतून, म्हंजे फायलीतून, पान निसटतं, ज्याला सापडतं तो त्याला वाटंल तिथं टाचतो. आमच्याकडं रोजचं व्हतं. सुटं पान म्हंजे खोटं पान न्हाई. अन् हे नवे लोक पाहा, येवढा शक आला तरी त्यांनी खोडलं न्हाई. तळाला का व्हईना, ठेवलं. खोडायाला त्यांचा बी हात धजला न्हाई.”

सिस्टरबाई म्हणाल्या, “पण कुणा नकलनवीसानं मनानं लिहिलं असंल तं?”

“नकलनवीसानं?” मामा एकदम हसले. “तीस वर्षं म्या फैसले उतरवले. फाशी, कैद, जुर्माना, जप्ती. गर्दीनं हातातले दगडं टाकले अन् समदे घरी गेले, असा एक बी फैसला हातून गेला न्हाई. आम्हाला असं सुचत न्हाई, बाई. आमच्यातल्या कुणालाच सुचणार न्हाई. हे कुणी तरी डोळ्यांनी पाह्यलंय.”

सिस्टरबाई रडल्या, मग हसल्या. म्हणाल्या, “लिहून देता का तेवढं?” मामांचा चेहरा पडला. “लेखी न्हाई देता येत. असल न्हाई पाह्यलं म्या.” “तोंडी चालंल,” सिस्टरबाई म्हणाल्या, आणि दोन्ही पुस्तकं आमच्याकडेच ठेवून, मामींचा हात धरून पायऱ्या उतरल्या. पावसाळ्याआधीच त्या वारल्या.

त्या रविवारी सिस्टरबाई पायऱ्या उतरून गेल्यावर मी उठायला लागलो, तर मामांनी मला बसवलं. त्यांचं बोट त्याच पानावर होतं. “इथं म्हणतात, लोक दगडं घेऊन उभे, अन् तो खाली वाकून बोटानं जमिनीवर लिहून राह्यला. काय लिहिलं?” मी जुन्यात पाहिलं, नव्यात पाहिलं, तळाची टीप पाहिली. “ते कुठंच दिलं नाही, मामा.” मामांनी चष्मा काढला. त्यांना इतकं दुःखी मी कधी पाहिलं नव्हतं. “येवढ्या मोठ्या पुस्तकात त्यानं सोत्ताच्या हातानं लिहिलं ते येवढंच. असल म्हणावं तं तेच. अन् त्या गर्दीत एक बी नकलनवीस न्हवता.”

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची आठवण आली की वाटतं, ते त्या गर्दीत असायला हवे होते. दगड उचलायला त्यांचे हात मोकळे नसते. ते आपले खाली मातीत बसून, कुणाचा पाय पडण्याआधी, अक्षर न् अक्षर उतरवून घेत असते.