परळच्या आवारात आखलेले शेत

गावचा रस्ता डांबरी झाला आणि आमच्या सामाईक शेताचे वाटप करायचे ठरले. पणजोबांचे हे भाताचे शेत. पिढीगणिक वारस वाढत गेले, शेत तेवढेच राहिले. बहुतेक वारस परळ-लालबागचे, म्हणून बैठकही परळला, आमच्या चाळीत. शेत कसणारा एकटा चुलतभाऊ गावाहून आला होता. त्याने नुकताच नांगरणीचा पॉवर टिलर घेतला होता. तुकडे पडले तर टिलर पडवीत गंजणार आणि आपली शेती संपणार, हे त्याने आल्या-आल्या सांगितले.

कोणी मनावर घेतले नाही. प्रत्येकाला रस्त्याला लागूनच वाटा हवा होता. मलाही. शेवटी रस्त्यापासून मागच्या ओढ्यापर्यंत उभे पट्टे पाडायचे ठरले, म्हणजे सगळ्यांना रस्ता. वाटणी विनाभांडण झाली म्हणून आम्ही खुशीत होतो. चहा आला.

चुलतभाऊ उठला. "खाली चला सगळी. कोणतरी रांगोळी घेवन येवा."

शेताची रस्त्याकडची रुंदी साधारण आमच्या आवाराएवढी होती. त्याने दोरी धरून रांगोळीच्या रेघा मारल्या, मध्ये बांधापुरती जागा सोडली आणि प्रत्येकाला आपापल्या पट्ट्यात उभे केले. माझा पट्टा चाळीच्या गॅलरीइतकाच रुंद भरला. वरून शेजारी वाकून पाहू लागले.

"आता हयसर टिलर वळवून दाखवा."

"त्यात काय!" म्हणत थोरल्या काकांनी आवारातली आपली स्कूटर आणली आणि हँडल वळवले. चाक शेजारी आत्याच्या पट्ट्यात गेले.

"दादा, माझ्या शेतातून गाडी काढ!"

"मग वळवू कुठे? पुढे रस्ता, मागे ओढा!"

गॅलऱ्यांतून हशा उसळला. आत्या मात्र हसली नाही. तिने खाली पाहिले आणि काका व तिच्यामधली रेघ तशीच ठेवून पलीकडची पायाने पुसली. तिच्या शेजाऱ्याने त्याची पुसली. मी माझी. बघता बघता आवारभर पाय घासू लागले.

काका हलले नाहीत. त्यांना रस्त्याकडेला घर बांधायचे होते, आणि त्यांचा पट्टा बरोबर मध्यावर. चुलतभावाचा चेहरा उतरला.

"घर बांध ना, कोण नको म्हणतंय?" आत्या कडाडली. "पण कडेला बांध. शेताच्या मधोमध उभा राहायला तू काय बुजगावणं आहेस?"

आता काकाही हसले. स्कूटर ढकलत ते गेटापाशी गेले. "ही कड माझी. पक्की."

उरलेले आवार सलग झाले. चुलतभावाने काकांकडून स्कूटर घेतली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत नेली, ऐटीत वळवली आणि परत आणली. वरून शिट्ट्या, टाळ्या. त्याने फोन काढून गावी बायकोला लावला. त्या गलक्यात तो ओरडूनच बोलत होता.

"बी भिजत घाल गो! अख्ख्या शेताचा!"